कोण कुणासाठी थांबतं?

चेन्नईच्या तरमणी भागात, सीआयटी कॅम्पसमध्ये, इन्स्टिट्यूट ऑफ मॅथेमॅटिकल सायन्सेस ही संस्था आहे. अल्लाडी रामकृष्णन यांनी १९६२ साली स्थापन केलेली, फळा आणि खडूवर चालणाऱ्या विद्येची ही जागा. तिथे २००४ साली ‘कब्रू’ नावाचा क्लस्टर, म्हणजे एकत्र जोडलेल्या संगणकांचा समूह, पूर्ण ताकदीने चालू झाला. नाव हिमालयातल्या, कांचनगंगेच्या शेजारच्या शिखराचं. यंत्रं मात्र बाजारात मिळणारीच होती: १४४ संगणक, प्रत्येकात २.४ गिगाहर्ट्झचे दोन झिऑन प्रोसेसर, म्हणजे एकूण २८८. सगळे मिळून सेकंदाला सुमारे एक लाख कोटी आकडेमोडी करत. त्या वर्षीच्या जूनमध्ये जगातल्या सर्वांत वेगवान ५०० संगणकांच्या यादीत कब्रूचं नाव आलं.

त्याच्या महिनाभर आधी, मे २००४ मध्ये, इंटेलने ‘तेजस’ हा आपला येऊ घातलेला प्रोसेसर गुंडाळून ठेवला. ऑक्टोबरमध्ये चार गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ आणण्याचा बेतही रद्द केला. दोन्हीमागची अडचण एकच, उष्णता. त्याआधीची तीसेक वर्षं ट्रान्झिस्टर लहान झाला की त्याला लागणारं व्होल्टेजही कमी व्हायचं, त्यामुळे घड्याळाचा वेग वाढवला तरी चिप फार तापत नसे. रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ मध्ये मांडलेलं हे गणित २००४ च्या सुमाराला चालेनासं झालं. ट्रान्झिस्टर इतका बारीक झाला की बंद असतानाही त्यातून वीज झिरपायला लागली. व्होल्टेज आणखी उतरवता येईना, वेग वाढवला की चिप भट्टीसारखी तापायची. मग कंपन्यांनी एका चिपवर एकाऐवजी दोन कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे हिशेब करणारे भाग, बसवले, पुढे चार, पुढे आठ.

आज साध्या मोबाइलमध्ये आठ कोअर असतात. पण एकेका कोअरचं घड्याळ गेल्या वीस वर्षांत फार तर दुपटीच्या आसपास गेलं आहे. पूर्वी जुना प्रोग्रॅम नव्या संगणकावर टाकला की आपोआप जलद पळायचा, ती सोय बरीचशी संपली. २८८ प्रोसेसरांना एकाच कामाला कसं जुंपायचं, हा प्रश्न तेव्हा मूठभर भौतिकशास्त्रज्ञांचा होता. आता तो चेन्नईतल्या जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरच्या कुठल्याही सॉफ्टवेअर कंपनीत नुकत्याच रुजू झालेल्या मुलामुलींचाही आहे.

नवखा माणूस समांतर प्रोग्रॅमिंगकडे एका साध्या अपेक्षेने येतो: आठ कोअर आहेत, तर प्रोग्रॅम आठपट पळायला हवा. तो प्रोग्रॅम चालवतो, सिस्टिम मॉनिटर उघडतो, तर एक कोअर शंभर टक्के राबतोय आणि सात निवांत बसलेत. वरून खाली, ओळीमागून ओळ लिहिलेला प्रोग्रॅम एकाच कोअरवर चालतो. कंपायलर लहानसहान लूप आपणहून विभागू शकतो, पण कुठलं काम कुठल्या कामासाठी थांबलंच पाहिजे आणि कुठलं थांबायची गरज नाही, हे त्याला बहुतेक वेळा खात्रीने कळत नाही. ते माणसाने सांगावं लागतं.

माझ्या मते हा विषय शिकण्याची खरी सुरुवात इथे आहे. बहुतेक पुस्तकं पहिल्या प्रकरणात थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅममधला स्वतंत्रपणे चालणारा कामाचा धागा, कसा तयार करायचा ते शिकवतात. फंक्शनचं नाव, त्याचे चार पॅरामीटर, मग तो थ्रेड संपण्याची वाट कशी पाहायची. विद्यार्थी ते पाठ करतो, आठ थ्रेड उभे करतो, आणि प्रोग्रॅम आधीपेक्षा हळू चालतो किंवा चुकीचं उत्तर देतो. थ्रेड तयार करणं ही शेवटची, यांत्रिक पायरी. आधी कागदावर एकच गोष्ट लिहायला शिकावी: कोण कुणासाठी थांबतं.

दोन उदाहरणं घेऊ. दहा लाख विद्यार्थ्यांच्या गुणांवरून प्रत्येकाची टक्केवारी काढायची आहे. नांदेडच्या मुलीची टक्केवारी काढायला सांगलीच्या मुलाची लागत नाही. कुणी कुणासाठी थांबत नाही, यादीचे आठ तुकडे करा आणि आठ कोअरना वाटून द्या. दुसरं उदाहरण बँकेच्या पासबुकाचं. प्रत्येक ओळीतली शिल्लक वरच्या ओळीतल्या शिल्लकेवरून निघते. पाचवी ओळ चौथीसाठी थांबते, चौथी तिसरीसाठी. इथे काही करता येणार नाही असंच कुणालाही वाटेल.

पण करता येतं, आणि ते कसं हे एकदा हाताने करून पाहण्यासारखं आहे. समजा ३, १, ४, १, ५, ९, २, ६ अशा आठ रकमा लागोपाठ जमा झाल्या. यादी मधोमध तोडा. पहिला कोअर पहिल्या चार रकमांची चालती बेरीज करतो: ३, ४, ८, ९. दुसरा कोअर त्याच वेळी, आधीची शिल्लक शून्य होती असं धरून, उरलेल्या चारांची करतो: ५, १४, १६, २२. दुसऱ्याचे आकडे चूक आहेत, पण ते सगळे सारख्याच फरकाने चूक आहेत. पहिल्याची शेवटची बेरीज ९, ती दुसऱ्याच्या प्रत्येक आकड्यात मिळवली की १४, २३, २५, ३१. पासबुक बरोबर जमलं.

यात चार बेरजा जास्तीच्या कराव्या लागल्या. आठ रकमांसाठी हा सौदा तोट्याचा; आठ कोटी रकमा आणि सोळा कोअर असतील तर फायद्याचा. समांतर पद्धतीत एकूण श्रम वाढतात आणि तरी काम लवकर उरकतं, ही गोष्ट नवख्याला पहिल्यांदा पटत नाही. या युक्तीला प्रीफिक्स सम किंवा स्कॅन म्हणतात. ती ज्याला एकदा मनापासून कळली त्याची ‘हे काम एकामागून एकच होणार’ असं म्हणण्याची घाई कायमची कमी होते.

कब्रूवर कसलं काम चालायचं, ते आता पाहू. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांच्या आत क्वार्क असतात, आणि त्यांना एकत्र धरणाऱ्या बलाचं गणित कागदावर सुटत नाही. म्हणून भौतिकशास्त्रज्ञ अवकाशाच्या तीन आणि काळाची एक अशा चार दिशांना पसरलेली जाळी कल्पितात आणि तिच्या प्रत्येक बिंदूवर आकडेमोड करतात. या जाळीत प्रत्येक बिंदूचा थेट संबंध शेजारच्या बिंदूंशीच येतो. त्यामुळे जाळीचे तुकडे करायचे, एकेका संगणकाला एकेक तुकडा द्यायचा. तुकड्याच्या आतल्या बिंदूंना लागणारे सगळे आकडे आपल्याच संगणकात सापडतात. काठावरच्या बिंदूंना मात्र शेजारच्या संगणकाकडून आकडे मागवावे लागतात. दर फेरीला सगळ्यांनी काठ अदलाबदल करायचे आणि पुढची फेरी सुरू करायची.

आता एक हिशेब करा. सपाट, दोन दिशांची जाळी असेल आणि एका संगणकाकडे १०० गुणिले १०० बिंदू असतील, तर दहा हजारांपैकी ३९६ बिंदू काठावर येतात, चार टक्केसुद्धा नाहीत. पण चार दिशांच्या जाळीत प्रत्येक बाजूला ८ बिंदू धरले तर तुकड्यात ४,०९६ बिंदू होतात आणि त्यातले २,८०० काठावर! दोन तृतीयांशाहून जास्त. बाजू १६ केली तरी ४१ टक्के बिंदू काठावरच. म्हणजे अशा गणितात संगणक जितके हिशेब करतात, जवळजवळ तितकंच एकमेकांशी बोलतात. कब्रू उभारणाऱ्यांनी साध्या इथरनेटवर न थांबता एससीआय नावाचं वेगळं जाळं वापरलं, त्यामागचं कारण हेच. त्यात प्रत्येक संगणक तीन दिशांना, पुढच्या-मागच्या शेजाऱ्यांशी थेट जोडलेला होता. गणिताचा आकार आणि तारांचा आकार असा एकमेकांना मिळताजुळता ठेवला होता. हा मेळ पाहून मला आजही आनंद होतो.

ही कल्पना संगणकाहून जुनी आहे. ब्रिटिश शास्त्रज्ञ लुइस फ्राय रिचर्डसन यांनी पृथ्वीवरच्या हवेचे चौकोन पाडून हवामानाचा अंदाज हाताने काढण्याचा प्रयत्न केला. २० मे १९१० या एका दिवसाच्या सहा तासांचा अंदाज काढायला त्यांना आठवडेच्या आठवडे लागले, आणि उत्तर साफ चुकलं. पण १९२२ मध्ये आलेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी एक चित्र रंगवलं. नाट्यगृहासारखं प्रचंड गोल सभागृह, भिंतींवर पृथ्वीचा नकाशा, आणि आपापल्या चौकोनाचं गणित करत बसलेली ६४,००० माणसं. प्रत्येकाने आपलं उत्तर शेजाऱ्यांना दिसेल असं लावायचं. मधोमध उंच खांबावर एक प्रमुख बसलेला. जो विभाग फार पुढे धावेल त्याच्यावर तो गुलाबी प्रकाश टाकणार, जो मागे पडेल त्याच्यावर निळा. काम समान वाटणं, शेजाऱ्याशी देवाणघेवाण आणि सगळ्यांना एका चालीत ठेवणं, या विषयातल्या तीन मुख्य अडचणी रिचर्डसननी संगणकाच्या जन्माआधी नेमक्या हेरल्या होत्या.

आपल्या मान्सूनचे अंदाज आज याच रीतीने निघतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ साली ‘प्रत्यूष’ महासंगणक आला, तेव्हा हे चौकोन सुमारे १२ किलोमीटरचे होते. त्यानंतरच्या ‘अर्क’ महासंगणकाच्या बळावर २०२५ मध्ये ६ किलोमीटरचे झाले. बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात. शिवाय वेळेचे टप्पेही निम्मे करावे लागतात, म्हणून काम साधारण आठपट वाढतं. चेन्नईतला कुठला भाग पाण्याखाली जाईल हे सांगायला ६ किलोमीटरचा चौकोनही मोठाच आहे. डिसेंबर २०१५ चा पूर ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

इथवर कोअर एकमेकांच्या हद्दीत शिरत नव्हते. खरा त्रास दोघांनी एकाच जागी लिहायला घेतल्यावर सुरू होतो.

भारतीय रेल्वेच्या आरक्षणाची पाच केंद्रं आहेत: दिल्ली, मुंबई, कोलकाता, सिकंदराबाद आणि चेन्नई. समजा चेन्नईहून मुंबईला जाणाऱ्या गाडीत एकच बर्थ उरला आहे. एक बाई मैलापूरमधून, एक गृहस्थ दादरहून, एकाच क्षणी तो मागतात. दोन्ही विनंत्यांसाठी यंत्रणा आधी विचारते, किती बर्थ उरले? दोघांनाही उत्तर मिळतं, एक. दोघांच्याही तिकिटावर तोच बर्थ छापला जातो आणि उरलेले बर्थ शून्य लिहिले जातात. प्रत्यक्षात असं होत नाही, कारण ते होऊ नये म्हणूनच ती यंत्रणा रचलेली आहे. आपल्या पहिल्या समांतर प्रोग्रॅममध्ये मात्र हे हमखास होतं.

घरी करून पाहा. एक मोजणी शून्यावर ठेवा. दोन थ्रेड सुरू करा, प्रत्येकाने त्या मोजणीत दहा लाख वेळा एक मिळवायचा. कंपायलरला कोड आवरून-सावरून घ्यायची मुभा देऊ नका, नाहीतर तो लूपच गिळून टाकील. उत्तर वीस लाख यायला हवं. येईल बारा लाख काही, पुढच्या वेळी चौदा लाख काही, दर वेळी वेगळं. कारण ‘एक मिळव’ ही आपल्याला एक क्रिया वाटली तरी प्रोसेसरसाठी त्या तीन आहेत: मेमरीतून आकडा वाच, त्यात एक मिळव, परत लिही. पहिल्या थ्रेडने ५०० वाचला, तो ५०१ लिहिण्याआधीच दुसऱ्यानेही ५०० वाचला. दोघांनी ५०१ लिहिलं. दोन वाढी झाल्या, मोजणीत एकच दिसली. याला रेस कंडिशन म्हणतात.

ही चूक पकडायला फार वाईट असते. आत काय चाललंय ते पाहावं म्हणून आपण मध्ये एक प्रिंटची ओळ घालतो. त्या ओळीमुळे थ्रेडांची चाल बदलते आणि चूक गायब होते. ओळ काढली की परत हजर. ‘माझ्या लॅपटॉपवर तर बरोबर चालतं’ या वाक्याला या विषयात काडीचाही अर्थ नाही. थेरॅक-२५ नावाच्या किरणोपचार यंत्रात १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणोत्सार मिळाला, काही दगावले. काही अपघातांमागे असाच दोष निघाला. यंत्रातली चुंबकं जागेवर यायला सुमारे आठ सेकंद लागत. सरावलेली ऑपरेटर तेवढ्या वेळात पडद्यावरचा उपचाराचा प्रकार बदलून मोकळी व्हायची, आणि प्रोग्रॅमच्या एका भागाला हा बदल कळायचाच नाही. ऑपरेटर हळू टाइप करणारी असेल तर काहीच बिघडत नसे, म्हणून चाचण्यांत दोष दिसला नाही.

यावर ठरलेला उपाय लॉक. मोजणीला हात लावण्याआधी कुलूप घे, काम झालं की सोड. तोवर दुसऱ्याने थांबायचं. उत्तर वीस लाख येतं. पण वेळ मोजून पाहिला तर दोन थ्रेडांचा प्रोग्रॅम एका थ्रेडच्या प्रोग्रॅमपेक्षा कितीतरी हळू निघतो, कारण दोघं सारखे कुलपापाशी रांगेत उभे असतात. नवखे लोक इथे निराश होतात. खरं तर इथेच कोण कुणासाठी थांबतं हा प्रश्न परत विचारायचा असतो. दर मिळवणीला सामाईक मोजणी लागते का? लागत नाही. प्रत्येक थ्रेडने आपली खासगी मोजणी ठेवावी आणि शेवटी एकदाच दोन आकडे मिळवावेत. वीस लाख कुलपांऐवजी दोन. याला रिडक्शन म्हणतात, आणि रोजच्या कामातल्या निम्म्या अडचणी एवढ्यावर सुटतात.

त्यातही एक खाच आहे. खासगी मोजण्या ठेवायला आपण साहजिकच आठ खणांचं एक अ‍ॅरे करतो, प्रत्येक थ्रेडला एक खण. कुणी कुणाच्या खणाला शिवत नाही, तरी प्रोग्रॅम रडतखडत चालतो. प्रोसेसर मेमरीतून एकेक आकडा आणत नाही, बहुतेक यंत्रांत सलग ६४ बाइटांची पूर्ण ओळ उचलतो. आठ बाइटांचा एक असे आठ आकडे अगदी एका ओळीत मावतात. एका कोअरने आपला खण बदलला की बाकी सात कोअरांकडची ती सगळी ओळ शिळी ठरते आणि त्यांना ती पुन्हा मागवावी लागते. कागदावर कुणी कुणासाठी थांबत नव्हतं, तारांमध्ये सगळे सगळ्यांसाठी थांबत होते. खणांमध्ये मोकळी जागा सोडली, किंवा मोजणी थ्रेडच्या आतच ठेवली, की प्रोग्रॅम मोकळा होतो.

मग कोअर वाढवत गेलं की वेग किती वाढेल? याचा हिशेब जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडला. शंभर पानांच्या पंगतीत वाढपी कितीही वाढवले तरी भात शिजायला लागतो तेवढा वेळ लागतोच. एका कामाला १०० मिनिटं लागतात, त्यातली १० मिनिटं विभागता न येणारी. आठ कोअर लावले तर १० अधिक सव्वाअकरा, म्हणजे सव्वाएकवीस मिनिटं, वेग ४.७ पट, आठपट नाही. कब्रूचे २८८ प्रोसेसर लावले तर १०.३ मिनिटं, वेग ९.७ पट. जगातले सगळे प्रोसेसर आणून बसवले तरी दहापटीच्या पुढे जाणार नाही. त्यामुळे कोड विभागायला घेण्याआधी ती न विभागणारी १० मिनिटं कुठे जातात ते शोधावं. अनेकदा ती फाइल वाचण्यात गेलेली असतात.

अ‍ॅमडाल यांच्या गणिताने पुष्कळ लोकांची उमेद खचली होती. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या सॅन्डिया प्रयोगशाळेत काम करणाऱ्या जॉन गुस्ताफसन यांनी १,०२४ प्रोसेसरांवर हजारपटीच्या पुढचा वेग दाखवला आणि म्हटलं, मोठं यंत्र मिळाल्यावर माणूस तेच लहान गणित सोडवत बसत नाही, मोठं गणित घेतो. जाळी मोठी घेतली की विभागता येणारा भाग वाढतो, न विभागणारा जवळपास तेवढाच राहतो. हवामानाचे १२ किलोमीटरचे चौकोन ६ वर आले ते असेच.

नेमक्या त्याच वर्षी पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली. अमेरिकेने भारताला हवा तो क्रे महासंगणक द्यायला नकार दिला होता. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला, तो एका बलाढ्य प्रोसेसरच्या जोरावर नव्हे. त्यात ट्रान्सप्युटर नावाच्या चिपा वापरल्या होत्या, आणि प्रत्येक चिपवर शेजाऱ्यांशी बोलायला चार जोडण्या मुळातच दिलेल्या होत्या. अशा यंत्रासाठी प्रोग्रॅम लिहिणारी माणसं तेव्हा देशात जवळपास नव्हतीच. ती घडवणं हे यंत्र बांधण्याइतकंच मोठं काम होतं, असं मला वाटतं, आणि त्याचं श्रेय त्या पिढीला पुरेसं दिलं जात नाही.

आज शिकणाऱ्याला महासंगणकाची वाट पाहावी लागत नाही. सी येत असेल तर ओपनएमपीपासून सुरुवात करावी. १९९७ पासून चालत आलेलं हे मानक जीसीसी कंपायलरमध्ये फुकट मिळतं. लूपच्या डोक्यावर एक सूचना लिहायची, की हा लूप थ्रेडांत वाटून दे आणि ही बेरीज रिडक्शनने कर. बस्स. पहिला प्रोग्रॅम म्हणून पायची किंमत काढावी: चार भागिले (एक अधिक क्षचा वर्ग), या वक्राखालचं शून्य ते एकमधलं क्षेत्रफळ दहा कोटी पट्ट्यांत मोजायचं. वेळ मोजताना सी भाषेतलं क्लॉक फंक्शन वापरू नये. लिनक्सवर ते सगळ्या थ्रेडांनी खाल्लेल्या वेळेची बेरीज देतं, त्यामुळे प्रोग्रॅम चौपट जलद झाला तरी आकडा तेवढाच दिसतो आणि शिकणारा उगाच खट्टू होतो. भिंतीवरच्या घड्याळाने मोजलेला वेळ हवा, आणि त्यासाठी ओपनएमपीचं स्वतःचं फंक्शन आहे.

पायचं उत्तर एका थ्रेडवर आणि आठ थ्रेडांवर शेवटच्या काही अंकांत वेगळं येईल. यात रेस नाही. दशांश आकड्यांची बेरीज संगणकात कुठल्या क्रमाने केली यावर अवलंबून असते. एकावर सोळा शून्यं अशा संख्येत एक मिळवून तीच संख्या वजा करा, दुहेरी अचूकतेत उत्तर शून्य येतं. आधी वजाबाकी करून मग एक मिळवा, उत्तर एक. थ्रेड वाढले की बेरजेचा क्रम बदलतो, म्हणून शेपटाकडचे अंक हलतात. उत्तरं तंतोतंत जुळण्याचा हट्ट न धरता किती फरक चालेल ते आधीच ठरवून ठेवावं.

शिकवणारे शोधायलाही चेन्नईबाहेर जायला नको, आणि खरं तर चेन्नईत यायलाही नको. सात आयआयटी आणि बंगळूरूची आयआयएस्सी यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या एनपीटीईएलचा मोठा भार आयआयटी मद्रास वाहते. तिथे समांतर आणि जीपीयू (ग्राफिक्स प्रोसेसर) प्रोग्रॅमिंगची व्याख्यानं घरबसल्या, फुकट ऐकता येतात. परीक्षा द्यायची असेल तेवढीच फी. जीपीयू नसेल तर गूगल कोलॅबवर मर्यादित वेळ तोही मिळतो. पण जीपीयूकडे लगेच धावू नये. एन्व्हिडियाच्या जीपीयूत थ्रेड ३२-३२ च्या जथ्याने चालतात आणि जथ्यातले सगळे एका वेळी एकच सूचना पाळतात. ‘असं असेल तर हे, नाहीतर ते’ अशी फूट पडली, की आधी अर्ध्यांनी थांबायचं, मग उरलेल्यांनी. ज्याने थांबण्याचा विचार साध्या प्रोसेसरवर केलेला आहे त्याला हे पटकन उमगतं.

पायथनवाल्यांची गोष्ट निराळी. नेहमीच्या पायथनमध्ये जीआयएल नावाचं एकच मोठं कुलूप असतं, त्यामुळे आकडेमोडीसाठी आठ थ्रेड केले तरी एका वेळी एकच पुढे सरकतो. ते कुलूप काढलेली आवृत्ती ऑक्टोबर २०२४ मध्ये पायथन ३.१३ बरोबर प्रयोग म्हणून आली. तोवर, आणि अजूनही बहुतेक ठिकाणी, थ्रेडऐवजी वेगवेगळ्या प्रोसेस, म्हणजे स्वतंत्र मेमरी असलेले चालू प्रोग्रॅम, करून काम भागवतात.

ओपनएमपी हाताशी आली की एमपीआय घ्यावी. वेगवेगळ्या संगणकांनी एकमेकांना निरोप पाठवण्याची ही पद्धत १९९४ मध्ये प्रमाणित झाली, आणि क्लस्टरवर आजही तीच चालते. ती शिकायला क्लस्टर लागत नाही. एकाच लॅपटॉपवर चार प्रोसेस उभ्या केल्या की झालं. एक तापलेली लोखंडी पट्टी घ्या, कडांना ठरावीक तापमान, आत प्रत्येक बिंदूचं नवं तापमान म्हणजे शेजारच्या बिंदूंच्या तापमानाची सरासरी. पट्टीचे चार तुकडे करा आणि दर फेरीला काठ अदलाबदल करा. कब्रूवर चालणाऱ्या देवाणघेवाणीचं हे सर्वांत छोटं रूप.

इथे जवळजवळ प्रत्येक शिकाऊ माणूस एकाच जागी अडकतो. तो लिहितो: आधी उजव्या शेजाऱ्याला माझा काठ पाठव, मग त्याचा घे. समोरचा शेजारीही आधी पाठवतो, मग घेतो. लहान जाळीवर प्रोग्रॅम सुरळीत चालतो. जाळी मोठी केली की पडदा गोठतो. चूक नाही, संदेश नाही, नुसती शांतता. लहान निरोप एमपीआय स्वतःच्या साठ्यात ठेवून घेते आणि पाठवणाऱ्याला लगेच मोकळं करते. निरोप मोठा झाला की समोरचा घ्यायला तयार होईपर्यंत पाठवणारा उभाच राहतो, आणि इथे तर दोघंही पाठवायला उभे, घ्यायला कुणीच नाही. सम क्रमांकाच्या प्रोसेसने आधी पाठवायचं आणि विषम क्रमांकाच्या प्रोसेसने आधी घ्यायचं असं ठरवलं की कोंडी फुटते. पाठवणं आणि घेणं एकदमच करणारं सेंडरिसीव्ह नावाचं फंक्शनही आहे. पण ते वापरण्याआधी एकदा सम-विषमाची जुळणी हाताने लिहावी, कोंडी होणाऱ्या आधीच्या प्रोग्रॅमला मुद्दाम मोठी जाळी द्यावी, आणि चारही प्रोसेसपैकी कोण कुठल्या ओळीवर, कुणाची वाट पाहत उभी आहे ते डीबगर लावून पाहावं.